पोहऱ्यावरची अक्षरं

रबरनानांना ऑफिसात खुर्ची दिली तरी ते बसत नसत. बगलेतला पोहरा जमिनीवर पालथा घालायचे आणि त्यावर बसायचे. "बसून दावल्याबिगर कुणी इचारत न्हाय, ताई," म्हणायचे.

मुलांनो, तुम्ही विहिरीतून पाणी काढलेलं नाही, म्हणून सांगते. पोहरा म्हणजे दोर बांधून विहिरीत सोडायची बादली. नानांचे पोहरे ट्रकच्या झिजलेल्या टायरचे. तुळजापूरच्या रस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुष्काळात शेतं पडून राहिली, तेव्हा गावातल्या दहा-बारा जणांची त्यांनी सोसायटी काढली. त्यात बायाच जास्त. मी पंचायत समितीत भांडार सांभाळत होते आणि गावोगावच्या विहिरींसाठी पोहरे घ्यायचे होते. ती ऑर्डर हुकली असती तर त्या बायांना पुन्हा उन्हात खडी फोडावी लागली असती.

नियमात होतं, माल नवा असावा. नानांच्या पोहऱ्यावर टायर कंपनीची इंग्रजी अक्षरं ठसठशीत दिसत होती. मला नियम प्रिय. मी माल परत केला. पण मन खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी नाना आले तेव्हा हळूच म्हटलं, "नाना, अक्षरं घासून काढा. मग कोण विचारतंय?"

ते जागचे हलले नाहीत. "ताई, तुमी इंग्रजी शिकलेल्या, अन् मला अक्षरं पुसाय सांगता? रबर जुनं हाय. पोहरा काल केलाय. दोन्ही खरं हाय. तसंच लिवा की."

मी वरमले. तोवर माझं इंग्रजी दुसऱ्यांची पत्रं टाईप करण्यात गेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझी स्वतःची टिप्पणी लिहिली: रबर जुनं, वस्तू नवी, पारखून घ्यावी.

गटविकास अधिकारी साहेबांनी ती वाचली आणि पोहरा नाकाशी धरला. "लोकांना हे पाणी प्यायचंय, नाना. वास आला तर?"

"आठ दिस चुन्याच्या पाण्यात भिजवतो, साहेब. मग पैलं पाणी म्या पितो, तवाच माल भाईर जातो. हे पोट उगं सुटलं न्हाय." साहेबही हसले.

तेर गावाच्या बाजूच्या एका खेड्यात चाचणी ठरली. विहीर खोल, आत कपारी. पत्र्याची बादली दर खेपेला कपारीवर आदळायची आणि पोचा पडून निम्मी रिकामी वर यायची. नानांचा पोहरा आदळला, उसळला आणि भरून आला. दोर ओढणारी म्हातारी म्हणाली, "ह्यो गुमान येतो बगा. त्या बादलीचं लई नखरं." साहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि पोहरा पालथा घालून त्यावरच माझ्या टिप्पणीवर सही केली.

पुढे गावोगाव हातपंप आले. सोसायटीनं मग त्याच टायरांची घमेली करायला घेतली, आणि तीही आम्ही घेतली. मी निवृत्त झाले तेव्हा नानांनी मला एक पोहरा आणून दिला. आता नाना नाहीत. पोहऱ्यात मी गवती चहा लावलाय.

परवा तुम्ही कळवलंत, तुमच्या गावच्या नगरपालिकेनं बागेत जुन्या प्लॅस्टिकची बाकं बसवली आणि त्यावर तसं लिहूनही ठेवलंय. पत्र वाचून मी अंगणात गेले. पोहऱ्याची अक्षरं भिंतीकडे होती. जड होता, तरी फिरवून रस्त्याकडे केली.