सासूबाई, टोपडं आणि माझे पाच गुंडे

मी माझ्या सासूबाईंचा हात मोडला, हे खरं आहे. पण ऑफिसात पसरलं तसा नाही मोडला!

सुरुवात डॉक्टरांनी केली. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमचं खातं भोपाळहून ट्रकभर खोक्यांत इथं येऊन पडलं. कुठली फाइल कुठल्या खोक्यात, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं, म्हणून शोधायला मला बसवलं. चार महिन्यांत माझं बीपी जे चढलं, ते उतरायचं नाव घेईना. डॉक्टर म्हणाले, "भाईसाहब, कोई शौक पालिए, जिसमें दिमाग शांत रहे." मला शौक फक्त झोपेचा होता. तो त्यांनी धरला नाही.

त्याच सुमारास आमची लेक रेवती बाळंतपणाला माहेरी आली (माहेर म्हणजे शंकर नगर आणि सासर म्हणजे उरला, रिक्षानं अर्धा तास!), आणि तिच्यासाठी माझ्या सासूबाई अमरावतीहून आल्या. आल्या त्या दिवशी दुपारी त्या टीव्हीसमोर क्रोशा घेऊन बसल्या. डोळे मालिकेवर, तोंड माझ्या बायकोशी, सुनंदाशी चालू, आणि हात आपले आपण विणताहेत! एक बोटभर सुई, तिच्या टोकाला इवलासा आकडा, एक दोरा. बस. ना यंत्र, ना नकाशा, ना वरिष्ठांची मंजुरी. बघता बघता त्या दोऱ्याचं फूल झालं, फुलाला पाकळ्या फुटल्या, पाकळ्यांना काठ आला. मी चहा हातात धरून उभाच राहिलो. अहो, आमच्या खात्यात चाळीस माणसं मिळून एका कागदाचा दुसरा कागद करू शकत नव्हती!

"आई," मी म्हणालो, "मले शिकवता का हे?"

सुनंदानं गप्पा अर्ध्यावर सोडून माझ्याकडे पाहिलं. टीव्हीतली खलनायिकासुद्धा थांबली असं मला वाटलं.

"तुमी बीपीची गोळी घेतली ना सकाळी?" सुनंदानं विचारलं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाल्या, "हात सैल सोडा जावाईबापू. दोरा आवळू नका. पह्यले साखळी घाला."

साखळी म्हणजे फासात फास, फासात फास. मी घालत सुटलो. थांबायचं कधी, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत साखळी दिवाणावरून निघून, देवघराला वळसा घालून स्वयंपाकघरात पोचली. "आता गॅसवर चढवता का तिले?" सुनंदा ओरडली. मग आला खांब, म्हणजे उभा टाका. आणि मग त्याचा बुटका भाऊ, मुका खांब. सासूबाई त्याला नुसतं 'मुका' म्हणत. पुढच्या साऱ्या अनर्थाचं मूळ हेच.

मी बाजारातून लोकरीचे पाच गुंडे आणले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा. त्या आठवड्यात रेवतीला मुलगी झाली. आनंदाच्या भरात मी पिवळा गुंडा हॉलमध्ये तसाच टाकून दवाखान्यात पळालो. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आल्या. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन लगबगीनं निघाल्या, आणि गुंडा बरोबर त्यांच्या पायाखाली आला. तबक सुनंदानं झेललं. सासूबाईंना कुणी झेललं नाही. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आल्यावर त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हाताकडे बघत बसल्या. "घरात चौदा लेकरं झाली," त्या म्हणाल्या. "सगळ्याइच्या बारशाले माझ्याच हातचं टोपडं व्हतं. जन्माच्या आधी विनू नये म्हनून थांबली मी. आता ह्या पंधराव्या पोट्टीचंच राह्यलं."

"आजी, बाजारातून आणू ना," रेवती म्हणाली.

"बाजाराचं? माह्या पणतीले?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं की विचार न करता तोंडातून निघून गेलं, "आई, मी विणतो! तुम्ही सांगा, मी घालतो."

सुनंदाला विणकाम येत नव्हतं (लहानपणी आईनं सुई काढली की ही शेजारी पळायची), रेवतीला बाळापुढे श्वास घ्यायला सवड नव्हती. मधे नऊ दिवस होते, आणि उमेदवार मी एकटा. सासूबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. मग एकच शब्द उच्चारला. "हव!"

हा 'हव' त्यांना भांडेवाली दीदीनं शिकवला होता. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. सासूबाईंना तो इतका आवडला की हिंदी कळलं नाही की त्या बिनधास्त 'हव' म्हणत. हिंदी त्यांना सहसा कळायचं नाही.

दिवस कमी, म्हणून मी टोपडं डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेऊ लागलो. दुपारच्या सुट्टीत खोक्यांच्या आड बसायचं, विणायचं, अडलं की घरी फोन लावायचा.

"हॅलो आई, सहा मुके झाले. पुढे? ... प्रत्येकावर दोन-दोन? बरं, दोन-दोन मुके मारतो. ... मग साखळीनं बांधू? ... आणि गळा? गळा किती आवळू? ... घट्ट आवळला तर श्वास कोंडंल ना!"

मान वर केली तर खोक्यांपलीकडे दोन चेहरे. एक आमच्या वर्ध्याच्या ढोबळेचा, एक साहू मॅडमचा. ढोबळे मराठी, त्याला मुका म्हणजे मुका कळला, आणि तो तोंडावर रुमाल दाबून जिन्याकडे पळाला. साहू मॅडम इथल्याच. त्यांना कळला मुक्का! ठोसा! वर साखळी, वर गळा आवळणं.

"भैया," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "फोन पर कौन था?"

"मेरी सास," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

संध्याकाळपर्यंत खात्याचे सरळ दोन भाग पडले. अर्ध्यांच्या मते मी सासूचे मुके घेत होतो, उरलेल्यांच्या मते मी तिला बुकलत होतो. कुठल्या बाजूला अब्रू जास्त राहते, याचा मी आजवर विचार करून राहिलो आहे.

साहू मॅडम मनानं फार चांगल्या. दुसऱ्या दिवशी मी घरी पोचायच्या आत त्या बाळाला बघायच्या निमित्तानं आमच्याकडे हजर! मी दारात चपला काढत होतो तेव्हा आतला संवाद कानावर आला.

"माताजी, डरिए मत. हाथ कैसे टूटा?"

"वो जवाई का गुंडा पाँव में आया," सासूबाई आपल्या हिंदीत सांगत होत्या, "तो मैं धाडकन् पडी."

"गुंडा? दामाद ने गुंडे रखे हैं?"

"पाच हैं! एक लाल, एक हिरवा... दिवाण के नीचे रखते हैं."

"हे भगवान! और वो आपको मुक्के...?"

"हव!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "रोज! बहुत अच्छे मुके मारते हैं. पह्यले जमत नव्हते, अब हात बैठ गया."

मी धावत आत गेलो. दिवाणाखाली वाकून पाचही गुंडे बाहेर काढले, पिशवीतून अर्धं टोपडं काढलं. "मॅडम, ये गुंडा! ऊन का गोला! और ये मुका, ये साखळी! मैं टोपी बुन रहा हूँ, नातिन के लिए!"

साहू मॅडमनी टोपडं पाहिलं, मग माझ्या मिशा पाहिल्या. "आप? बनाके दिखाइए."

मी सुई धरली. आता खरं सांगतो, तोवर माझा हात चांगला चालू लागला होता. पण त्या बाईंच्या नजरेखाली बोटं जी गोठली! एक मुका सुटला, दोन खांब उसवले, सुई दिवाणाखाली गेली. "हात सैल सोडा, सैल!" सासूबाई ओरडत होत्या. साहू मॅडमनी कपाळाला आठी घातली, सासूबाईंच्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि "कोई जरूरत हो तो मुझे बताना, माताजी" म्हणून निघून गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पण टोपडं थांबवून चालणार नव्हतं. सासूबाई माझ्या शेजारी बसत, डाव्या हाताच्या बोटांनी प्रत्येक टाका चाचपत. बघत नसत, नुसतं चाचपत, आणि सांगत, "इथं एक खांब कमी हाये." मी मोजायचो. एक कमी असायचाच! इतकी वर्षं मी ह्या बाईला नमस्कार केला तो रीत म्हणून. त्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून वाटलं की हिच्या पायाशी बसावं. आणि एक दिवस अचानक माझाही दोरा सैल झाला. खांबाशेजारी खांब उभा राहू लागला, माझ्या ह्या फाइलींनी खरबरीत झालेल्या बोटांतून! मी श्वास धरून बघत होतो, मोडेल या भीतीनं सुनंदाला हाकही मारली नाही.

बारशाच्या सकाळी टोपडं पुरं झालं. पिवळंधमक, पांढऱ्या काठाचं. डाव्या कानावर एक टाका सुटून भोक राहिलं होतं. "उसवू का आई?" मी विचारलं.

"राहू द्या. पोट्टीले हवा लागंल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या हातानं ते पणतीच्या डोक्यावर चढवलं, मी बंद बांधले. बरोब्बर बसलं! सासूबाईंनी तेवढ्याच एका हातानं माझ्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. डॉक्टरांनी त्या क्षणी बीपी मोजलं असतं तर मशीन फुटलं असतं.

दुपारी ऑफिसची मंडळी आली. साहू मॅडम सरळ पाळण्यापाशी गेल्या आणि चित्रासारख्या उभ्या राहिल्या. "हाय राम, कतका सुग्घर!" म्हणजे किती सुंदर! त्यांनी टोपड्याचा काठ दोन बोटांत धरला, खांब न खांब निरखला. माझी छाती फुगली. आता पुरावा समोर होता, आता त्यांना मानावंच लागणार होतं.

त्या वळल्या. डोळे पाण्यानं भरलेले. त्यांनी सासूबाईंचा प्लास्टरचा हात हातात घेतला आणि साऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माताजी! टूटे हाथ से भी बनवा लिया इन्होंने आपसे?"

सासूबाईंना यातला 'बनवा' तेवढा कळला. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "हव!"

सगळं खातं माझ्याकडे बघू लागलं. ढोबळेनं पुन्हा रुमाल काढला. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि पाळण्याशेजारी जो उभा राहिलो तो राहिलोच. नऊ दिवसांत शेकड्यांनी घातले होते, पण एवढा सरळ मुका खांब माझ्या हातून कधी उभा राहिला नव्हता!