रेहानाच्या ट्रॅक्टरचे टायर

आमच्या नर्सरीवर कुणी नवीन माणूस चहाला बसलं, की पाचेक मिनिटांत विषय टायरवर येतो. खरं तर आम्ही रोपं विकतो, गुलाब, कढीपत्ता, लिंबू. पण फुलांचा किस्सा आजवर कुणी सांगितलेला मला आठवत नाही. टायरचे मात्र इतके साठलेत, की एक संपेपर्यंत चहा गार होतो आणि पुन्हा आधण ठेवावं लागतं.

आधी माणसं सांगते. नर्सरी नजफगडच्या पुढे, नाल्याच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. ती मूळ रेहानाची. रेहाना सांगलीची, दिल्लीत आली यूपीएससीसाठी. ते सोडून तिने इथे जमीन भाड्याने घेतली आणि एक छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. मी तिची पार्टनर, राहते द्वारकेत. माझा नवरा मिलिंद नोकरीला विमानतळावर. रविवारी येतो आणि सल्ले देतो. आणि ट्रॅक्टर चालवणारा जगबीर, शेजारच्याच गावचा. एवढीच मंडळी.

*

एकदा पुढचा टायर दगडावर चिरला. जगबीर गेला आणि तेवढा एक बदलून आला. नवा टायर अंमळ मोठा होता. मी विचारलं तर म्हणाला, "गोल है, काला है, और क्या चाहिए?"

रेहाना नेमकी त्या दिवशी गावात गेलेली. स्कूटीवरून परत येताना तिला आमचा ट्रॅक्टर समोरून डांबरी रस्त्यावर येताना दिसला. जगबीरने शेतातून निघताना फोर व्हीलचा दांडा काढलाच नव्हता. शेतात चाकं घसरतात म्हणून चालून जातं, डांबरावर नाही. चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली, त्यात एक भलत्याच मापाचं. स्टीअरिंग जड झालं, टायर किंचाळायला लागले, आणि ट्रॅक्टरच्या पोटातून एक 'ठाण्ण' असा आवाज आला. जगबीर घाबरून दांडा ओढतोय, दांडा हलत नाही. मागे विटांचा ट्रक, अगदी चिकटून, हॉर्नवर हॉर्न.

रेहाना स्कूटी टाकून धावली. जगबीरला ओरडून सांगितलं, रिव्हर्स घे. पण मागे तर ट्रक. मग ती सरळ ट्रकसमोर जाऊन उभी राहिली आणि हाताने खुणा करत त्याला मागे घ्यायला लावू लागली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मैडम, जाना आगे है, तो पीछे क्यों ले रही हो?"

"क्योंकि अटका हुआ है."

ट्रक सरकला. जगबीरने हातभर मागे घेतलं, आत बसलेला पीळ सुटला आणि दांडा लोण्यासारखा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन्ही टायर नवे, एकाच मापाचे. जगबीर तेव्हापासून काहीही विकत घेताना दोन घेतो. झाडूसुद्धा!

*

ते दोन टायर बसवायला रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे नेले तो रविवार होता, म्हणजे मिलिंद हजर.

टायरची कड रिमवर बसेना. एका बाजूने बसली, दुसरीकडे बोटभर आत राहिली. पंक्चरवाला म्हणाला, हवा वाढवली की बसेल, आणि वाढवत गेला. मिलिंद चष्मा सावरत टायरवर वाकला. नक्की कुठे अडलंय ते त्याला मला दाखवायचं होतं. मी त्याच्या मागेच. कॉम्प्रेसर घरघरतोय, टायर फुगतोय, आणि रबरातून बारीक तडतड ऐकू यायला लागली.

रेहाना पलीकडे फोनवर बोलत होती. तिने फोन खाली टाकला, मिलिंदची मागून कॉलर धरली आणि त्याला असा ओढला की तो माझ्या अंगावर पडला. कॉम्प्रेसर बंद झाला. तिने लांबूनच हात घालून हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि पुन्हा भरायला लावलं, बाजूला उभं राहून. कड 'टप्प' करून बसली. तेवढाच आवाज.

मिलिंद फाटलेला शर्ट बघत धुमसत होता. चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं, म्हणाला. पंक्चरवाल्याने त्याला दुकानाच्या पत्र्याचं छप्पर दाखवलं. वर एक वाटोळं भोक होतं, रिमएवढं.

"यहाँ मेरा पार्टनर झुका था," तो म्हणाला. "अब गाँव में है. हाथ एक ही है, पर है."

घरी सासूबाईंनी विचारलं, शर्टाला काय झालं? मिलिंद म्हणाला, "कॉलर गेली. मान आहे."

*

रेहानाला डेंग्यू झाला त्या वर्षीची गोष्ट. ती द्वारकेत हॉस्पिटलमध्ये, प्लेटलेट्स रोज खाली. आम्हाला इकडे काही सुचत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मागच्या चाकाचं पंक्चर काढून ते परत बसवलं होतं, तेवढं मी रेहानाला फोनवर सांगितलं होतं. सकाळी जगबीरने तासभर नांगर चालवला, मग ट्रॉली जोडली. नाल्यापलीकडे रोपं लावायची होती. ट्रॉलीत रोपं, आणि रोपांच्या मध्ये आमच्या कामाच्या बायका, डबे मांडीवर घेऊन. पूल अरुंद, कठडा एका बाजूचा पडलेला.

ट्रॅक्टर फाटकाबाहेर निघाला आणि माझा फोन वाजला. रेहाना. आवाज इतका बारीक की मी दुसऱ्या कानात बोट घातलं. ती विचारत होती, तासभर काम झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळले का? चाक नव्याने बसवलं की पहिल्या तासानंतर नट सैल पडतात, हे ती नेहमी सांगायची. मी म्हटलं, जगबीरने आवळले असतील. ती म्हणाली, "ताई, असतील नको. हात लावून बघ."

मी धावले. ट्रॅक्टर पुलाच्या चढाला लागला होता. हाक ऐकू जाईना. शेवटी ट्रॉलीतल्या कमलाने मला पाहिलं आणि जगबीरच्या पाठीवर डबा फेकून मारला. तो थांबला. मी मागच्या चाकाशी बसले आणि नटाला हात लावला. तो माझ्या दोन बोटांनी फिरला. शेजारचाही फिरला. जगबीर वाकला, त्याने पाहिलं आणि सीटखालचा पाना काढला.

फोन अजून चालूच होता. मी तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "बरं. आता झोपते."

*

आता शेवटचा. हा सांगताना जगबीर उठून बाहेर जातो.

रेहानाचे अब्बा सांगलीत मराठी शाळेत मास्तर होते. मुलीने परीक्षा सोडून ट्रॅक्टर घेतला म्हणून ते तिच्याशी बोलत नव्हते. जानेवारीत त्यांच्या गावची माणसं पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनाला, काला अंबच्या स्मारकावर आली, त्यांच्याबरोबर तेही आले. मिलिंद त्यांना पानिपतहून स्वतः घेऊन आला. रेहानाला न सांगता नर्सरीवर आणायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

आदल्या दिवशी पाऊस झालेला. नाल्याकाठी समोरून टेम्पो आला, मिलिंदने गाडी कडेला घेतली आणि कड खचली. डावी दोन चाकं उतारावर, खाली काळं पाणी. मिलिंद उजवीकडून बाहेर पडला. अब्बा डावीकडे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पलीकडे सरकता येईना. डावं दार उघडलं तर थेट नाला.

मिलिंदचा फोन आला, रेहानाला सांगावंच लागलं, आणि आम्ही ट्रॅक्टर घेऊन पोचलो. रस्त्यालगतच्या शेतातून ओढायचं होतं आणि शेत म्हणजे नुसता चिखल. जगबीरने घाईने दोर बांधला आणि दिलं ॲक्सिलरेटर. चाकं जागच्या जागी फिरली, दोराला हिसका बसला आणि गाडी वीतभर आणखी खाली गेली.

रेहानाने त्याला उतरवलं. ती गाडीकडे बघत नव्हती. ट्रॅक्टरच्या पहिल्या चाकाशी बसली आणि हवा सोडायला लागली. मग दुसऱ्या. मी म्हटलं, अगं, वेळ नाहीये. ती तिसऱ्याकडे सरकली. हवेचा फुस्स आवाज येत होता, आणि गाडीखालून मातीची ढेकळं पाण्यात पडत होती.

काचेतून अब्बांचा आवाज आला. "रेहाना, काय करतेयस?"

"हवा काढतेय, अब्बा. टायर चिखलात पसरायला हवेत. हलू नका."

चौथं चाक झालं. ती वर चढली, फोर व्हील टाकला, सगळ्यात खालचा गिअर. दोर ताणला गेला. बसकट झालेले टायर चिखलात रुतले, आणि धरून राहिले. गाडी आधी हललीच नाही. मग एक चाक वर आलं. मग दुसरं.

अब्बांना मिलिंदने धरून उतरवलं. काठी टेकत ते उभे राहिले. मी म्हटलं, चला, नर्सरीवर चहा घेऊ. ते निघाले नाहीत. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बसलेले टायर काठीने दाबून पाहिले.

"असा रस्त्यावर कसा नेशील?"

"भरावी लागेल हवा."

मिलिंदच्या डिकीत पायाने मारायचा पंप होता. रेहानाने नळी लावली, हवा मोजायचा गेज काढला. अब्बा तिच्या बाजूला ट्रॅक्टरच्या पायरीवर टेकले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि हात पुढे केला.

"गेज इकडे दे. तू पंप मार."

तिने दिला. ती पंप मारत राहिली, घाम यायला लागला तशी थांबली.

"बास का, अब्बा?"

त्यांनी काट्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"अजून थोडी."