बिननाडीचे बूट

माझा भाऊ डेलबर्ट सैन्यातून बडतर्फ झाला तो वेदनाशामक गोळ्यांच्या नशेपायी. गोळ्याही कुणाच्या, तर लढाईतल्या सोबत्याच्या, रॉस्कोच्या औषधाच्या पिशवीतून चोरलेल्या. दर नोव्हेंबरात आमच्या ओहायोतल्या गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार होतो. बँड लष्कराचं गाणं वाजवतो आणि सैन्यात राहून आलेले सगळे उभे राहतात. हा मेला मात्र खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा. नशा सुटून कैक वर्षं झाली, तरी नाडी काही बांधून होईना.

शेवटी मीच हात धुऊन मागे लागले, तेव्हा त्यानं सैन्याच्या कागदावरचा बडतर्फीचा शेरा बदलून मागितला. सुनावणीला रॉस्को नकली पाय ओढत आला आणि अधिकाऱ्यांना म्हणाला, "चोरी कसली? गोळ्या मीच दिल्या होत्या त्याला."

धादांत खोटं! मी डेलबर्टकडे पाहिलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. शेरा बदलला.

यंदा बँड सुरू झाला. पुढच्या रांगेत रॉस्को खुर्चीला धरून कसाबसा उभा राहिला. मी डेलबर्टला कोपरानं ढोसलं.

"अरे ऊठ की गाढवा! आता कोण अडवतंय तुला?"

"व्हर्ना, रॉस्कोचा पाय तुटला तेव्हा तो गोळीसाठी ओरडत होता गं," तो पुटपुटला. "आणि गोळ्या माझ्या खिशात होत्या."

एवढं बोलून तो खाली वाकला आणि बुटाशी चाचपडत राहिला. या दिवसासाठी मी मुद्दाम बिननाडीचे बूट आणले होते.