कोंबिंग

आमची पलटण तेव्हा काश्मीर खोऱ्यात होती. मी नाईक. माझा जोडीदार लान्स नाईक दत्ता, वारज्याच्या शेतकरी घरातला. मी कोथरूडचा. गाववाला म्हणून तो मला हक्काने छळायचा.

आदल्या संध्याकाळी ब्रीफिंग झालं. पहाटे कॉर्डन, म्हणजे गावाला वेढा, आणि सहा वाजता कोंबिंग. इंग्रजीत कोंब म्हणजे कंगवा, विंचरणं, एवढंच शाळेत शिकलो होतो. फौजेत अर्थ वेगळा. जवानांची रांग, दोघांत पाच पावलं, आणि केसांतून कंगवा फिरावा तसं अख्खं गाव शोधायचं. घर, गोठा, माळा, काहीही सोडायचं नाही.

दत्ता कुजबुजला, "आपल्या सुभेदारसाहेबांना टक्कल. कंगव्याचं एवढं प्रेम कुठून आलं?"

सकाळी नऊपर्यंत अकरा घरं झाली. बाराव्याच्या मागे गोठा होता. खालचं सगळं मी पाहिलं. वर गवताचा माळा. शिडी अंगणात पडली होती. ती आणायला दोन मिनिटं लागली असती, पण रांग पुढे सरकत होती.

मी वायरलेस सेटवर बोललो, "ब्राव्हो टू. गोठा क्लिअर. ओव्हर."

"रॉजर. आगे बढो."

दत्ता गोठ्यासमोर आला आणि माळ्यावरून फायर आला. गोळी गळ्यात. मी जखमेवर फील्ड ड्रेसिंगची पट्टी दाबून धरली. त्याला काही सांगायचं होतं, आवाज निघाला नाही. नऊ वीसला तो गेला. माळ्यावरचा माणूस त्यानंतर मारला गेला.

चौकशीत मी शिडीचं सांगितलं. शिक्षा झाली, ती भोगली.

निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर वारज्याला त्याच्या आईकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या.

"आई, तो माळा मी बघितला नव्हता. बघितला असता तर दत्ता आज असता."

त्यांचे हात थांबले नाहीत. निवडता निवडताच म्हणाल्या, "तुला आई हाय?"

"आहे."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"नगं सांगू. तिला झोप यायची न्हाई." मग जुडी बाजूला ठेवली. "आन् माझ्या दारात परत येऊ नगं."

मी उठलो. आजतागायत गेलेलो नाही. त्यांचं बरोबर आहे.

लान्स नाईक दत्ता. वय सत्तावीस. सेटवर माझा आवाज ऐकून त्यानं रायफल खाली केली होती.