केळ्याचा फोटो

आमच्या बडोद्याच्या महिला मंडळाला अंकात छापायला माझा फोटो हवा होता. परदेशात जाऊन सेवा केली म्हणून. मी दिला. त्यात मी एका सहा वर्षांच्या मुलीला केळं देते आहे आणि दोघी हसतो आहोत. खाली काय छापायचं तेही लिहून दिलं : या केळ्यामुळे हिचं ऑपरेशन रद्द झालं.

मंडळाच्या चिटणीसबाई घरी आल्या.

"काकू, असं कसं छापणार? तुमचीच बदनामी."

"होऊ दे. खरं आहे ते."

"निदान 'लहानग्यांसोबत आनंदाचे क्षण', एवढंच टाकू?"

"मग फोटो परत द्या."

फोटो परत आला. म्हणून इथे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण घडलेलं सांगायला तेवढी पुरते.

तीन महिन्यांसाठी लेकीकडे दार-ए-सलामला गेले होते. लेक आणि जावई सकाळीच कामाला जायचे. दिवसभर भिंती किती बघायच्या? शेजारची गुजराती बाई आणि तिच्या मैत्रिणी दर गुरुवारी मुलांच्या हॉस्पिटलात फळं वाटायला जायच्या. मीही निघाले. मला त्यात नवं काही नव्हतं. बडोद्यात कुणाचा वाढदिवस असो की पुण्यतिथी, आम्ही केळी घेऊन वॉर्डात जातोच. खाटेपाशी उभं राहायचं, पोराच्या हातात फळ द्यायचं, फोटो निघेपर्यंत आपला हात काढायचा नाही. मग पुढची खाट. काय झालंय, हे विचारायची पद्धत नाही.

त्या मुलीच्या उजव्या हाताची बोटं भाजून तळव्याला चिकटली होती. तिची आई नळावर कपडे धुवायला गेली होती. खाटेवर पाटी होती, ती मला वाचता येईना. आमच्यातल्या ज्यांना वाचता येत होतं, त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. मुलीने डाव्या हाताने केळं घेतलं. फोटो निघाला. केळं चार घासांत संपलं, कारण ती पहाटेपासून उपाशी होती. थोड्याच वेळात तिची बोटं सोडवायचं ऑपरेशन होतं.

नर्स धावत आली. आता भूल देता येणार नव्हती. डॉक्टर बाहेरगावचा, संध्याकाळी परत जाणारा. पुन्हा येणार पंधरवड्याने. आई ओले कपडे घेऊन आली, नर्सने तिला सांगितलं. तिने सालाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपडे मांडीवर घेऊन खाली बसली.

"चालो मासी, एवुं तो थाय," शेजारीण म्हणाली. "आपणे तो सारा माटे ज आप्युं'तुं."

"चांगल्यासाठी दिलं म्हणून तिचं पोट रिकामं झालं का?" मी विचारलं. तिला राग आला. येऊ दे.

घरी लेक म्हणाली, "आई, आता तिकडे पाऊल टाकू नकोस."

"उद्याच जाणार."

"जाऊन करशील काय? भाषा येत नाही तुला."

"खाटेपाशी बसायला भाषा लागत नाही."

रोज गेले. दोन दिवस मुलीच्या आईने माझ्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी तिने कपड्यांची बादली उचलली आणि बोटाने मला स्टूल दाखवलं. त्या केळ्यापासून ती पोरीला सोडून नळावरही गेली नव्हती. मग ती धुवायची, मी बसायचे. एवढीच माझी सेवा. नर्सने मला कागदावर एक तोंड काढून त्यावर फुली मारून दिली. ज्या खाटेला हा कागद, तिथे पोट रिकामं ठेवायचं.

डॉक्टर आला तो दिवसही गुरुवारच. कागद मी सकाळीच खाटेला बांधला. दहा वाजता बायका केळी घेऊन आल्या. पोर भुकेने रडत होती. "बीबी," म्हणून मला हाक मारायची, म्हणजे आजी. केळी दिसल्यावर तिने हात पुढे केला. मी मधे उभी राहिले.

"मासी, खसो ने, फोटो पाडवो छे!"

"माझा काढा. हिला काही मिळणार नाही."

"आटलुं बधुं शुं? आपडे कंई झेर आपीए छीए?"

"आज विषच आहे ते. पुढे चला."

पोर माझ्या मनगटाला चावली. मी हलले नाही. आईने तिला मांडीवर घट्ट धरलं. बाराच्या सुमाराला तिला आत नेलं.

मी बडोद्याला परत निघाले तोवर तीन बोटं सुटली होती. करंगळीचं दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं. ते झालं की नाही, मला माहीत नाही.

इथे मंडळाची फळांची टोपली आमच्याच घरी असते. तो फोटो मी तिच्या दांड्याला बांधला आहे, खाली माझ्या अक्षरात तीच ओळ. आता आम्ही वॉर्डात गेलो की आधी सिस्टरला विचारते, कुणाला द्यायचं नाही. चिटणीसबाई मागून म्हणतात, "काकू, उशीर होतोय." होऊ दे. ज्यांना तो फोटो खुपतो, त्यांनी टोपली आपल्या घरी न्यावी. अजून कुणी नेलेली नाही.