मुहूर्ताची गाठ

धामणगाव रेल्वेच्या बाहेर, रुळांकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका जिनात भावना तायडे नोकरीला आहे. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, हे जिनाचं काम. भावनाचं काम भिण्याचं. आग कुठून येईल, आली तर बायका कोणत्या दारानं पळतील, हे आधी मनात पाहून घ्यायचं, आणि मग ते दार मोकळं आहे का, हे रोज जाऊन पाहायचं. नागपूरला राहून तिनं त्याचं शिक्षण घेतलं. पोरगी काय करते, असं कोणी विचारलं की तिची माय जमुनाबाई सांगायची, "काही होऊ नाही म्हणून पगार घेते." आणि हसायची. जमुनाबाई स्वतः त्याच जिनात, गोदामाच्या सावलीच्या टोकाला बसून कापूस निवडते.

आमच्या काळ्या मातीतला कापूस मोठा देखणा. पण त्याच्यासोबत वावरातला एखादा गोटाही येतो. निवडणाऱ्या हातांतून तो निसटला आणि रोलरमध्ये गेला की खट् आवाज होतो, ठिणगी उडते. दिसली तर बरं. न दिसलेली ठिणगी रुईसोबत पुढं जाते, प्रेसमध्ये दाबली जाते आणि गाठीच्या पोटात जाऊन बसते. तिथं हवा नाही म्हणून जाळ नाही. वाळवी लाकडात चालावी तशी ती आतल्या आत चालत राहते. वरून गाठ पांढरीशुभ्र, मुकी. मग एखाद्या दुपारी ती बाहेर तोंड काढते, तेव्हा शेजारी शेकडो गाठी उभ्या असतात.

म्हणून भावनानं आल्याबरोबर एक नियम घातला. खट् झालं की त्या वेळची गाठ बाहेर मैदानात न्यायची, एकटी ठेवायची, चांगला आठवडा जाऊ द्यायचा. लोक कुरकुरत, पण नेत.

एका गाठीला मात्र हा नियम कोणी लावत नव्हतं. दसऱ्याला जिन सुरू होतो आणि त्या दिवशीची पहिली गाठ मुहूर्ताची असते. तिला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात आणि गोदामाच्या मधोमध मांडतात. बाकीच्या गाठी तिच्याभोवती रचतात. हंगाम संपेपर्यंत ती हलवत नाहीत. ती हलली की हंगाम उठला, असं जुने लोक मानतात.

त्या दसऱ्याला दारात ताशा वाजत होता. रोलर फिरू लागले आणि ताशाच्या तडतडाटात भावनाला खट् ऐकू आलं. किंवा ऐकू आल्यासारखं वाटलं. यंत्र थांबवा म्हणून तिनं हात वर केला. प्रेस चालवणारा प्रीतम ओरडला, "मॅडम, ताशा होय तो! सणाच्या दिवशी तरी भेव घरी ठेवून येत जा!" बायका हसल्या. भावनाही ओशाळून हसली आणि तिनं हात खाली घेतला.

पण त्या रात्रीपासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. ताशा होता, असं ती स्वतःला सांगायची, आणि सांगता सांगता घाम फुटायचा. गोदामात गेली की मुहूर्ताच्या गाठीभोवतीची रास आणखी चढलेली दिसायची. अजून गाठीपर्यंत जायला एक बोळ उरला होता. दोन-तीन दिवसांनी तोही बुजणार होता.

एका सकाळी ती त्या बोळातून आत गेली. हाराची फुलं सुकली होती. तिनं लोखंडी सळई गाठीत खुपसली, थोडं थांबली, ओढून गालाला लावली. कोमट लागली. मग शेजारच्या गाठीत खुपसून पाहिली. तीही कोमट. त्या उन्हात सगळंच कोमट होतं. तिनं वास घेतला. झेंडू, कापूस, आणि त्याखाली काहीतरी करपल्यासारखं. की उदबत्तीचा राहिलेला वास? तिला सांगता येईना.

बोलली आणि काही निघालं नाही तर नोकरी जाईल, शिवाय हंगाम बाटवला म्हणून नाव होईल. गप्प राहिली आणि निघालं तर? गोदामाच्या त्या टोकाला बायका बसल्या होत्या, पदरानं नाकतोंड बांधून, आणि त्यांच्यात माय.

ती मायजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "माय, तू घरी जाय आज."

"काऊन?"

"बरं दिसून नाही राहिलं तुह्यं तोंड."

जमुनाबाईनं पदर खाली केला आणि लेकीकडे पाहिलं. "माह्यं तोंड का तुह्यं? पांढरीफट पडली तू." मग आवाज उतरवून म्हणाली, "काय आहे तथी?"

"काही नाही. तू जाय ना."

"मी जातो. अन् ह्या बायाईले काय सांगू? माही पोरगी शिकेल आहे म्हणून मी चालली, तुमी बसा?"

भावनाला वाटलं, कोणीतरी भर बाजारात आपल्या डोक्यावरचा पदर ओढला. ती वळली आणि तिनं आगीची घंटा वाजवली.

रोलर थांबले. सगळ्या बायका बाहेर आल्या. जिनाचे मालक चंदनशेट हातातला चहा घेऊनच धावत आले. "कुठं लागली?"

"लागली नाही, शेटजी. मुहूर्ताची गाठ बाहेर काढायची आहे. दसऱ्याच्या दिवशी खट् झाल्यासारखं वाटलं होतं."

"वाटलं होतं?" प्रीतम पुढं आला. "शेटजी, इच्या घरी नारळ नाही, पूजा नाही. इले काय समजते मुहूर्त काय असते ते?"

जमुनाबाई मागून कडाडली, "अरे प्रीतम, नारळ तं तुनंच फोडला ना? मंग तूच बस त्या गाठीवर पोथी वाचत! आमी भाईर बसतो."

कोणी हसलं नाही. चंदनशेट भावनाकडे वळले. "पोरी, हे गाठ हलली अन् हंगाम बसला, तर सारं गाव माह्या नावानं बोटं मोडीन. तुले पक्कं माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पक्कं माहीत होईन तवा काढता नाही येणार."

शेटनी चहा जमिनीवर ओतला आणि हातानंच, काढा, अशी खूण केली.

गाठ मैदानात गेली. दिवस जाऊ लागले. ना धूर, ना वास. येणाराजाणारा तिला नमस्कार करायचा आणि भावनाकडे पाहून खाकरायचा. भावनाला आता दोन गोष्टींची भीती होती. आग निघेल ही एक, आणि निघणार नाही ही दुसरी. दुसरीची तिला लाज वाटायची. आग निघावी अशी आशा आपण करतो आहोत, हे कळलं त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आठवडा उलटल्यावर गाठ फोडायचं ठरलं. भावनानं पाण्याचा टँकर आणून उभा केला, लोकांना लांब केलं आणि प्रीतमला गाठीवरच्या पट्ट्या कापायला सांगितलं. पट्ट्या तटतट तुटल्या, रुई फुगून वर आली. पांढरी. आणखी आत पांढरी. प्रीतमच्या मिशीत हसू आलं. मग मधोमध, तळहाताएवढा, एक पिवळट तपकिरी डाग निघाला.

"हे तं कवडी होय," प्रीतम म्हणाला. "अळी लागलेल्या बोंडाचा कापूस. असाच दिसते."

भावनानं ती रुई हातात घेतली. थंडगार होती. करपून विझलेली रुई अशी दिसते. कवडीही अशीच दिसते. तिनं हुंगली, चोळली, उजेडात धरली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. जळाल्याचा डाग आहे, एवढं म्हटलं असतं तर खोडून काढणारं कोणी नव्हतं.

चंदनशेटनी विचारलं, "सांग मंग. आग होती का नव्हती?"

तिनं ती रुई खाली ठेवली. "मले माहीत नाही, शेटजी."

"अन् उद्या अखीन तसंच वाटलं तुले?"

"तं अखीन काढीन."

शेटनी डाग पाहिला, गोदामाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. मग प्रीतमला म्हणाले, "नवी गाठ बांध. नारळ आण. अन् तिले पयल्यांदा मैदानात ठेव, आठवडाभर. आत मंग नेऊ."

एवढं बोलून ते निघून गेले. जमुनाबाईनं भावनाचे हात आपल्या रुईनं माखलेल्या हातांत घट्ट दाबून धरले.