आधी सदरा उलटा

"मावशी, तपासणीच्या तक्त्यात आधी कॉलर आहे. सदरा उलटा करून बघायचा तो शेवटी, वेळ उरला तर!"

"मी आधीच उलटा करणार. एकवीस वर्षं करतेय."

"मग उद्यापासून तपासणी सोडा, पॅकिंगला बसा," कारखान्याचे नवे साहेब म्हणाले.

टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. मावशींना ही पद्धत कुणी शिकवली नव्हती. गिऱ्हाइकांकडून परत आलेला एकेक गठ्ठा उघडून बघत त्यांनीच ती बसवली होती. साहेब तक्ता आखूनच आले होते.

तक्त्याप्रमाणे पास झालेल्या ढिगातला एक सदरा मावशींनी उलटा केला. काखेतली शिवण बोटभर सुटलेली होती.

"गिऱ्हाइकानं काय, हात वरच करायचा नाही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी सदरा घेतला, भोकात बोट घालून बघितलं आणि ते बाहेर निघून गेले.